शब्दनकाशा: परदेशी भाषेचे शब्द वर्गात कसे रुजवावेत

मुंबईत जर्मन शिकणारे आता फक्त काळा घोडा इथल्या माक्स म्युलर भवनात किंवा विद्यापीठाच्या कलिना संकुलात भेटतात असं राहिलेलं नाही. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, सगळीकडे शिकवण्या भरतात. जर्मनीत पुढचं शिक्षण घ्यायचं म्हणून आलेली कॉलेजची मुलं, नर्सिंग पूर्ण केलेल्या मुली, कंपनीतून पाठवलेले इंजिनियर असे सगळे एकाच बाकावर बसतात आणि बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडतात, ते म्हणजे शब्द. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेची ए१ या पहिल्या पातळीची शब्दयादी साधारण ६५० शब्दांची असते आणि बी१ या तिसऱ्या पातळीची साधारण २४०० शब्दांची. व्याकरण कसंबसं जमतं, पण शब्दांचा हा चढ दमवतो.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे मराठी किंवा इंग्रजी अर्थ. घरी जाऊन पाठ करायचं. यादी वरून खाली धडाधड म्हणता येते, पण मधलाच एखादा शब्द विचारला की मूल वरच्या शब्दापासून मनात सुरुवात करतं. यादीत शब्दाला शेजारी असतो, पण नातं नसतं. बोलताना तर नातंच लागतं: कोण, कुठे, काय करतो, कशाने.

शब्दनकाशा, म्हणजे एका प्रसंगातले शब्द चित्रात मांडून रेघांनी जोडलेलं पान, हे नातं कागदावर आणतो. इथे जर्मनचं उदाहरण घेऊन त्याची पूर्ण रीत देते आहे. आधीच एक गोष्ट ठामपणे सांगते. सुंदर रंगीत नकाशा तयार झाला म्हणजे शब्द आले, असं होत नाही. शब्द येतात ते तोच नकाशा पुस्तक मिटून पुन्हा काढताना आणि त्यावर बोट ठेवून बोलताना. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दोन कामांपर्यंत पोचण्यासाठी आहेत.

(जर्मन शब्दांचे उच्चार मी इथे देवनागरीत दिले आहेत. मुलांनी नकाशात शब्द रोमन लिपीतच लिहायचे, नामाचं पहिलं अक्षर मोठं. शब्दाच्या शेवटी येणारा 'ई' (रोमन अक्षर e) हा 'झालं', 'केलं' यांच्या शेवटच्या स्वरासारखा म्हणायचा. एवढं सांगितलं तरी मराठी मुलांचे निम्मे उच्चार सुधारतात.)

पहिली पायरी: विषय नको, प्रसंग निवडा

सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा, कारण नकाशा फसतो तो बहुतेक वेळा इथेच. पाठ्यपुस्तकात 'रंग', 'फळं', 'भाज्या', 'शरीराचे अवयव' असे गट असतात. नकाशा म्हटलं की आपणही मध्ये 'फळं' लिहितो आणि भोवती बारा फळं मांडतो. दिसायला नीटनेटकं, पण डोक्यात गोंधळ. एकाच जातीचे नवे शब्द एकदम दिले की ते एकमेकांत मिसळतात, हे भाषा शिकण्यावर संशोधन करणाऱ्या टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत दिसून आलं. टिंकम यांच्या पुढच्या कामात याची दुसरी बाजूही आली: एका प्रसंगात एकत्र येणारे शब्द, म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी करतं आहे अशा जोडणीतले शब्द, जास्त सहज शिकले जातात.

वर्गात हे रोज दिसतं. 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' एकाच दिवशी शिकवा, पुढचे दोन महिने मुलं लिंक्स आणि रेष्ट्स यांची अदलाबदल करत राहतात. म्हणून विरुद्धार्थी जोडीतला एक शब्द आज द्यायचा. तो पक्का बसला की आठवड्याने दुसरा.

मग प्रसंग कोणता? मुलांच्या रोजच्या वाटेवरचा. मुंबईत माझी पहिली निवड दादर स्टेशन. पश्चिम आणि मध्य रेल्वे इथे मिळतात, त्यामुळे बॅचमधल्या जवळजवळ प्रत्येकाने तिथे कधी ना कधी गाडी बदललेली असते. डोळे मिटले तरी पूल, जिने, गर्दी दिसते. चित्र आधीच डोक्यात तयार आहे, आपण त्यावर फक्त जर्मन शब्द चढवायचे.

एका नकाशात नवे शब्द सात-आठच ठेवा. दादरसाठी माझे आठ असे: डेअर बानहोफ (स्टेशन), डेअर त्सूक (गाडी), दास ग्लाइस (रूळ, आणि स्टेशनवर फलाटाचा क्रमांक सांगताना हाच शब्द), डी फारकार्टं (तिकीट), डी फेरश्पेटुंग (उशीर), वार्टन (वाट पाहणं), आइनश्टायगन (गाडीत चढणं) आणि फोल (भरलेला). यांच्या जोडीला आधी शिकलेले सहा-सात शब्द मुद्दाम आणा: मी, आई, ऑफिस, आज, येणं, दहा, मिनिटं. उतरणं म्हणजे आउसश्टायगन आज द्यायचंच नाही. मूल विचारेल, तेव्हा 'पुढच्या आठवड्यात उतरू' म्हणा. चालतं.

दुसरी पायरी: रंग आधी ठरवा आणि वर्षभर बदलू नका

जर्मनमध्ये नामाला तीन लिंगं आहेत आणि ती नामाआधीच्या उपपदावरून कळतात: पुल्लिंगाला डेअर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकलिंगाला दास. इथे मराठी मुलाला मोठा फायदा आहे. तो, ती, ते ही कल्पना त्याला घरूनच माहीत असते. इंग्रजीतून जर्मन शिकवताना जे समजावण्यात अर्धा तास जातो, ते मराठीत एका वाक्यात होतं. धोका मात्र लगेच पुढे आहे. आपली लिंगं तिकडे जुळत नाहीत. खुर्ची आपल्याकडे ती, तिथे डेअर श्टूल. दरवाजा आपल्याकडे तो, तिथे डी ट्युअर. मुलगीसुद्धा तिथे दास मेटशन. मूल मराठी लिंग तसंच उचलतं आणि चुकतं.

म्हणून लिंग हे शब्दाचा भाग म्हणून डोळ्यांनी शिकायला हवं. डेअर निळा, डी लाल, दास हिरवा ही रंगांची पद्धत जर्मनच्या कित्येक वर्गांत वापरतात, तीच ठेवा. क्रियापदं काळी. स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात चार रंगांचं एकच बॉलपेन मिळतं, त्यात नेमके हेच चार रंग असतात. बॅचसाठी एकगठ्ठा घ्यायची तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्वस्त पडतात. महागडे स्केचपेन लागत नाहीत, आणि ते पानाच्या मागे उमटतात.

एखाद्या बॅचमध्ये कुणाला तरी, विशेषतः मुलग्यांमध्ये, लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नसतो. तो बहुतेकदा सांगतही नाही. त्यामुळे रंगाबरोबर आकारही द्या: डेअर चौकोनात, डी वर्तुळात, दास त्रिकोणात. सगळ्यांनाच द्या, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही.

फ्रेंच शिकवत असाल तर दोन रंगांत काम भागतं. जपानीत नामांना लिंग नाही, तिथे हे रंग क्रियापदांच्या तीन गटांसाठी वापरा.

तिसरी पायरी: चित्र मुलांनीच काढायचं

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की शब्द नुसता लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो, आणि चित्र चांगलं असण्याची गरज नसते. नेटवरून छापलेली तयार चित्रं चिकटवण्यात हा फायदा हातचा जातो. 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्याला सांगा की दोन समांतर रेघा म्हणजे रूळ, एक आडवा डबा म्हणजे गाडी, वर एक पूल. झालं दादर.

वेळ पाचच मिनिटं द्या. जास्त दिली की मुलं पुलाचे कठडे रंगवत बसतात.

चौथी पायरी: रेघेवर शब्द हवाच

नकाशाचा जीव रेघेत आहे. मध्ये एक शब्द आणि चहूकडे फुटलेल्या फांद्या असा नकाशा सगळ्यांना माहीत असतो. तो आठवणी जमवायला ठीक, पण फांदीवर काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे त्यातून वाक्य निघत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून संकल्पनांचे जे नकाशे विकसित केले, त्यांत दोन संकल्पनांना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर जोडणारा शब्द असतो. भाषेच्या वर्गाला हेच हवं.

दादरच्या नकाशात हे कसं होतं ते जरा जवळून पाहू. फळ्यावर निळ्या चौकोनात त्सूक आहे, लाल वर्तुळात फेरश्पेटुंग. दोघांना रेघेने जोडा आणि विचारा, 'या दोघांचं काय नातं?' कुणीतरी म्हणेल, 'गाडीला उशीर आहे.' रेघेवर काळ्या रंगात 'हाट' लिहा. वाक्य आपोआप वाचता येतं: डेअर त्सूक हाट फेरश्पेटुंग. मग जुन्या शब्दांतून दहा आणि मिनिटं आणून मध्ये बसवा: डेअर त्सूक हाट त्सेन मिनूटन फेरश्पेटुंग. मुंबईकराला हे वाक्य पुन्हा शिकवावं लागत नाही.

आता 'मी' आणि 'त्सूक' जोडा. नातं, वाट पाहणं. इथे बरीच मुलं इंग्रजीतल्या 'वेट फॉर'वरून 'वार्टन फ्युअर' म्हणतात. म्हणून रेघेवर 'वार्टन' एकटं लिहायचं नाही, 'वार्टन आउफ' असं जोडून लिहायचं, आणि बाणाच्या टोकाशी 'देन'. वाक्य होतं: इश वार्टं आउफ देन त्सूक. डेअरचा देन झाला, पण रंग निळाच राहिला. कर्म आलं की पुल्लिंगाचंच उपपद बदलतं, हा नियम मुलांना त्या निळ्या देनमध्ये दिसतो. विभक्तीचा तक्ता नंतर शिकवला तर तो ओळखीचा वाटतो.

आइनश्टायगनची रेघ मुद्दाम तुटक काढा, कारण वाक्यात हे क्रियापद फुटतं आणि 'आइन' शेवटी जातं: इश श्टायगं इन देन त्सूक आइन. रेघेच्या सुरुवातीला 'श्टायगं', अगदी शेवटी 'आइन', मध्ये गाडी. हा तुटकपणा शब्दांत समजावण्यापेक्षा रेघेत चटकन कळतो.

फलाटाचं म्हणाल तर दादरला डिसेंबर २०२३ पासून पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट सलग १ ते १४ असे मोजले जातात. आकड्यांच्या सरावाला ते आयतंच मिळतं: डेअर त्सूक कोम्ट आउफ ग्लाइस एल्फ. अकरा नंबरच्या फलाटावर मध्य रेल्वेची गाडी.

एका शब्दाला निदान दोन रेघा जोडलेल्या हव्यात. एकच रेघ असलेला शब्द पुढच्या आठवड्यात हमखास गळतो.

पाचवी पायरी: बोट ठेवून बोला

जोड्या पाडा. एकाने नकाशावर बोट ठेवायचं आणि ते रेघेवरून सरकवत बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. 'मी स्टेशनवर आहे. गाडीला उशीर आहे. मी वाट पाहते. गाडी भरलेली आहे. मी चढते.' दोन मिनिटांनी भूमिका बदला. ऐकणाऱ्याचं काम फक्त एक: बोट जिथे अडेल तिथे एक टिंब द्यायचं. शब्द सांगायचा नाही. टिंबं कुठे पडली ते पाहिलं की उद्या काय घ्यायचं ते शिक्षकाला कळतं.

पंचवीस जणांची बॅच आणि अरुंद खोली असली तरी हे जमतं, कारण कुणाला उठावं लागत नाही. मोठ्या कार्डपेपरवर चौघांचा मिळून एक नकाशा करायला सांगू नका. त्यात एक जण काढतो, तिघं बघतात. साधं कोरं पान, प्रत्येकाचं स्वतःचं. ऑनलाइन बॅचमध्येही कागदावरच काढायला लावा आणि कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा.

सहावी पायरी: पुस्तक मिटून तोच नकाशा पुन्हा

ही पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते. कृपा करून गाळू नका, वेळ कमीच असेल तर आधीची कुठलीही गाळा. कारपिकी आणि ब्लंट या संशोधकांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून त्याचा संकल्पना-नकाशा काढला. इतरांनी मजकूर बाजूला ठेवून जे आठवतं ते लिहिलं, मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिलं. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे होते. ही चाचणी नकाशा काढण्याची होती तेव्हासुद्धा तेच पुढे राहिले. प्रयोग विज्ञानाच्या मजकुरावरचा होता, पण शब्दांच्या बाबतीतही आठवून काढण्याचा फायदा संशोधनात पुन्हा पुन्हा दिसला आहे.

म्हणजे नकाशा समोर बघून कॉपी करणं हे हाताचं काम झालं, आठवून काढणं हे डोक्याचं. पुढच्या तासाची पहिली सहा-सात मिनिटं यासाठीच राखून ठेवा. कोरं पान द्या, मध्ये फक्त पूल आणि रूळ काढायला सांगा, बाकी सगळं आठवून, चारही रंग वापरून. मग जुना नकाशा उघडायचा आणि राहिलेलं पेन्सिलने भरायचं. पेन्सिल का, तर काय आठवलं नव्हतं ते वेगळं दिसावं म्हणून. हेच आठवड्याने आणि मग महिन्याने. पेन्सिलचे शब्द कमी होत जातात. मुलांना स्वतःची ही प्रगती पानावर बघायला फार आवडते. एका मुलीने आपले तिन्ही नकाशे एकाखाली एक टाचणीने लावून आणले होते, आणि तिसऱ्यात पेन्सिलने लिहिलेला एकच शब्द होता: ग्लाइस. तो तिने त्या दिवशी वर्गात आपणहून तीन वाक्यांत वापरला.

तपासताना चित्राला गुण नाहीत. रंग बरोबर आहे का, रेघेवर शब्द आहे का, त्यातून वाक्य निघतं का, एवढंच बघायचं.

नकाशा वाढवणं

आइनश्टायगन पक्कं झालं की मग आउसश्टायगन आणि गाडी बदलण्यासाठी उमश्टायगन. दादरच्या नकाशात तिघांनाही जागा आहे, पूल ओलांडणारा बाण म्हणजे उमश्टायगन. इथून एक वेगळा नकाशा सुरू होतो, शब्दाच्या कुळाचा. मध्ये फारन म्हणजे वाहनाने जाणं, भोवती फारकार्टं, फारप्लान म्हणजे वेळापत्रक, फारराट म्हणजे सायकल, फारर म्हणजे चालक, आबफार्ट म्हणजे गाडी सुटणं. जर्मनमध्ये शब्दाला शब्द जोडून नवा शब्द करण्याची सवय इतकी आहे की असे पाच-सहा कुळांचे नकाशे केले की मुलं अनोळखी शब्द फोडून बघायला लागतात. मात्र हा नकाशा ए१च्या शेवटी करा. सुरुवातीलाच केला तर पहिल्या पायरीत सांगितलेला गोंधळ होतो.

नर्सिंगच्या मुलींसाठी

या बॅचना वेगळा नकाशा लागतो. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी२ पातळी मागतात, आणि तिथे अवयवांची नावं पाठ असून भागत नाही. प्रत्येक नामाबरोबर त्याचं ठरलेलं क्रियापद लागतं. रक्तदाब 'मोजायचा': ब्लूटड्रुक मेसन. पट्टी 'बदलायची': फेरबांट वेक्सल्न. इंजेक्शन 'द्यायचं': श्प्रित्सं गेबन. त्यामुळे माणसाच्या शरीराचं चित्र काढून बाण मारण्याऐवजी रात्रपाळीचा वॉर्ड काढायला सांगा. एक खाट, एक रुग्ण, एक ताई. ताईपासून रुग्णाकडे जाणाऱ्या प्रत्येक रेघेवर तिचं एक काम. रुग्णाकडून तिच्याकडे येणाऱ्या रेघांवर त्याची तक्रार: दुखतं, ताप आहे, झोप येत नाही. या मुलींनी ही कामं प्रत्यक्ष केलेली असतात, त्यामुळे त्यांचे नकाशे आपल्यापेक्षा जास्त खरे निघतात. सलाईनचा स्टँड कुठल्या बाजूला ते त्याच सांगतात. त्यांना सांगू द्या, आणि ते जर्मनमध्ये कसं म्हणायचं ते आपण द्या.

जिथे चित्र चालत नाही

'तरीही', 'म्हणून', 'जरी' अशा शब्दांचं चित्र काढायचा अट्टहास नको. त्यांना पूर्ण वाक्यांची जोडी लागते. 'वेळेवर' म्हणजे पुंक्टलिश यासारख्या गुणवाचक शब्दांसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ मध्ये मांडलेली फ्रेयर यांची चौकट कामाला येते. पानाचे चार भाग: अर्थ, लक्षणं, उदाहरण, आणि 'हे उदाहरण नव्हे'. चौथा भाग सगळ्यात उपयोगाचा. मुलांनी तिथे दहा मिनिटं आधी पोचलेला माणूस लिहिला की वाद सुरू होतो, तो पुंक्टलिश आहे की नाही. वाद जर्मनमध्ये करायला लावा.

फसव्या शब्दांना नकाशात लाल फुली द्या. बेकोमन म्हणजे मिळणं, इंग्रजीतल्या बिकमसारखं दिसलं तरी अर्थ तो नाही. गिफ्ट म्हणजे विष.

परीक्षेच्या आधी

ए१च्या तोंडी परीक्षेत दुसऱ्या भागात एक विषय आणि एक शब्द असलेलं कार्ड हातात येतं आणि त्यावरून प्रश्न विचारायचा असतो. तिसऱ्या भागात चित्राचं कार्ड येतं आणि त्यावरून विनंती करायची असते. नकाशे केलेल्या मुलांना दोन्ही भाग सोपे जातात, फक्त एक सराव वेगळा करून घ्यावा लागतो. शेवटच्या दोन आठवड्यांत जुन्या नकाशांतले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. मुलाने चिठ्ठी काढायची, तो शब्द नकाशात कुठे होता ते आठवायचं, त्याला जोडलेली एक रेघ पकडायची आणि तिचा प्रश्न करायचा. 'त्सूक' आला तर: वान कोम्ट डेअर त्सूक? 'फारकार्टं' आलं तर: वास कोस्टेट डी फारकार्टं? उत्तर शेजारच्याने द्यायचं, मग चिठ्ठी परत डब्यात. जो शब्द तीनदा अडला त्याची चिठ्ठी बाहेर ठेवा आणि त्याच दिवशी त्याला फळ्यावर एक नवी रेघ जोडून द्या.